घंटेच्या टेकडीवर चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार

कोमारोवोला जाणार म्हटल्यावर भाचीची रशियन मैत्रीण खो खो हसली. ‘कोमार’ म्हणजे डास. थोडक्यात, आम्ही डासवाडीला निघालो होतो. मग तिनंच खुलासा केला की गावाचं नाव डासावरून नाही, व्लादिमीर कोमारोव या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलंय. हे गृहस्थ १९३६ पासून १९४५ पर्यंत सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. ते गेल्यावर तीन वर्षांनी, १९४८ साली, गावाला त्यांचं नाव दिलं. त्याआधी गावाचं नाव वेगळं होतं, आणि मुळात देशच वेगळा होता. मला तिथं जायचं होतं ते यासाठीच.

भाची सेंट पीटर्सबर्गला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महाराष्ट्रातून रशियात डॉक्टरकी शिकायला गेलेल्या शेकडो पोरापोरींपैकी एक. पाच दिवस तिच्याबरोबर राजवाडे, कालवे आणि चित्रांची दालनं पालथी घालून माझे गुडघे बोलायला लागले होते. "मावशी, आता तू सांग कुठं जायचं," म्हणाली. मी म्हटलं, जिथं बघायला काही नाही अशा ठिकाणी.

गाडी फिनलंड स्टेशनवरून सुटते. नाव फिनलंड असलं तरी आता इथून फिनलंडला जाता येत नाही, हेलसिंकीची गाडी मार्च २०२२ पासून बंद आहे. बाहेर चौकात लेनिनचा हात वर केलेला पुतळा. आत फलाटाजवळ काचेच्या घरात एक काळं वाफेचं इंजिन, नंबर २९३. १९१७ च्या ऑगस्टमध्ये लेनिन भट्टीत लाकडं टाकणाऱ्या फायरमनचं सोंग घेऊन याच इंजिनावरून सीमा ओलांडून फिनलंडमध्ये निसटला होता. फिनलंडनं १९५७ साली ते सोव्हिएत संघाला भेट दिलं. आपली बँक कार्डं इथं चालत नाहीत, त्यामुळे तिकीट रोख. मी चार दिवस रुबलची गड्डी उराशी धरून फिरत होते, आजी कमरेला चंची लावून फिरायची तशी.

‘एलेक्त्रिच्का’ म्हणजे आपली लोकलच. फक्त कोणी दारात लटकत नाही. मात्र फेरीवाले अगदी आपल्यासारखे. एक आला, डब्याच्या मध्यभागी उभा राहून मोज्यांवर भाषण देऊन गेला. दुसरी आली ती खिडक्या पुसायची फडकी घेऊन. सप्टेंबरचा शेवट म्हणजे इथला अळंबीचा हंगाम, त्यामुळे अर्धा डबा वेताच्या करंड्या मांडीवर घेऊन बसलेल्या आजी-आजोबांचा.

मला या प्रवासात एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे सेस्त्रा नदी. बेलोओस्त्रोव आणि सोल्नेच्नोये या स्टेशनांमध्ये गाडी ती ओलांडते. नदी कसली, ओढाच म्हणा, पण १९१७ ते १९४० ही दोन देशांमधली सीमा होती. अलीकडे सोव्हिएत रशिया, पलीकडे फिनलंड. फिनिश लोक तिला रायायोकी म्हणायचे, म्हणजे सरळ ‘सीमानदी’. "आली की सांगते," भाचीनं कबूल केलं होतं. पण समोरच्या आजींनी करंडीवरचं ओलं शेवाळ बाजूला करून एकेक अळंबी दाखवायला सुरुवात केली, आणि भाची भाषांतर करण्यात गुंतली. लाल टोपीचं हे भाजायला, तपकिरी ते वाळवायला, आणि हे एक, बोटानं दाबलं की निळं पडतं ते, त्याला भिऊ नका. आम्ही निळं पडलेलं बोटाचं ठसं बघत होतो तेवढ्यात स्टेशन आलं. सोल्नेच्नोये. नदी मागं गेली होती.

"येताना बघू," भाची म्हणाली.

कोमारोवो शहरापासून ४० किलोमीटरच्या थोडं पुढं. स्टेशनवर उतरलं की आधी नाकाला कळतं, पाइनचा तो डिंकट वास. दुकान एक-दोन, रस्ते सरळ, आणि घरं झाडांत इतकी आत की गाव कुठं सुरू झालं ते समजत नाही. आम्ही ज्या आजींकडे खोली घेतली होती त्यांच्या जाहिरातीत ‘समुद्र पाच मिनिटांवर’ असं लिहिलं होतं. पाच मिनिटं गाडीनं असावीत. चालत निघालो तर पाइनच्या जंगलातून बरंच अंतर, मग एकदम कडा, आणि मग उतार. गुडघ्यांनी पुन्हा तक्रार केली आणि आम्ही समुद्र न बघताच परतलो.

दारातच आजींनी आमचे बूट काढायला लावले आणि कापडी सपाता पुढं सरकवल्या. तेवढ्यानं मला घरी आल्यासारखं वाटलं. मग चहा, आणि बरोबर चमच्यानं नुसताच खायचा ‘चेरनिका’चा मुरंबा. काळसर निळी रानफळं, करवंदाएवढीही नाहीत, पण जीभ जांभळाइतकी रंगते. चहा पिता पिता आजींनी गावाचं जुनं नाव सांगितलं, केल्लोमाकी. फिनिशमध्ये ‘केल्लो’ म्हणजे घंटा आणि ‘माकी’ म्हणजे टेकडी. इथं रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा मजुरांना जेवायला बोलवायला टेकडीवर घंटा वाजायची, तिच्यावरून हे नाव. म्हणजे घंटाटेकडी. आमच्याकडे असती तर खाली एखादं देऊळही निघालं असतं.

रेल्वे या भागात १८७० सालीच आली होती. फिनलंड तेव्हा झारच्या साम्राज्यात होतं, पण स्वतःचं चलन, स्वतःचा जकातनाका असलेलं एक महासंस्थान म्हणून. पीटर्सबर्गच्या मध्यमवर्गाला हे फार सोयीचं पडलं. उन्हाळा आला की बायकामुलं, स्वयंपाकीण, समोवार, गाद्या-उशा घेऊन लोक इकडे यायचे आणि लाकडी घरं भाड्यानं घ्यायचे. अशा उन्हाळी घराला रशियात ‘दाचा’ म्हणतात. १९०३ हे कोमारोवोचं जन्मवर्ष मानतात, कारण त्या साली गाडी इथं रीतसर थांबायला लागली. पुढच्या चौदा वर्षांत जंगलभर दाचा उभ्या राहिल्या. मग क्रांती झाली, फिनलंड स्वतंत्र झालं, सीमा बंद झाली. मालक पलीकडे अडकले आणि घरं अलीकडे रिकामी. त्यातली कितीतरी सुटी करून, ओंडके मोजून, फिनलंडमध्ये आत नेऊन पुन्हा उभारली गेली. घर उचलून नेलं हे वाक्य मी पहिल्यांदाच शब्दशः ऐकत होते.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी दहिवर इतकं की गवतावरून चालताना सपसप आवाज येत होता. तापमान सात-आठ अंश. भाची टी-शर्टवर एक जाकीट घालून निघाली, मी मात्र स्वेटर, शाल, कानटोपी असा सगळा मुक्काम अंगावर घेऊन.

आधी दफनभूमीत गेलो. हे गावातलं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण आहे हे सांगताना आजींना काही वावगं वाटलं नव्हतं. आम्हाला तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यानं दीड-दोन किलोमीटर चालायचं होतं. वाटेत एक सायकलवाला भेटला, हँडलला बादली, बादलीत अळंबी. त्यानं न विचारताच हात करून दिशा दाखवली. भारतीय बायका या रस्त्यानं कुठं निघाल्या असतील याबद्दल त्याच्या मनात काही शंकाच नव्हती.

आन्ना आख्मातोवा इथं आहे. विसाव्या शतकातल्या मोठ्या रशियन कवींपैकी एक. ५ मार्च १९६६ ला ती मॉस्कोजवळच्या आरोग्यधामात गेली आणि १० मार्चला तिला इथं, बर्फात, पुरलं. वाटेच्या टोकाला तिची जागा आहे. मी भव्य काहीतरी धरून चालले होते. समोर दिसली ती ओबडधोबड दगडांची एक बुटकी भिंत.

ही भिंत नीट बघायला हवी. दगड एकसारखे नाहीत, कोणी लाल, कोणी राखाडी, काही नदीतल्यासारखे गोल. सांध्यांत सिमेंट भरलंय, पण ते गवंड्याच्या सफाईचं नाही, हौशी हातांचं आहे, कुठं जास्त, कुठं कमी. कारण ती गवंड्यानं बांधलेलीच नाही. आख्मातोवाचा मुलगा, इतिहासकार लेव गुमिल्योव, यानं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ती रचली. भिंतीत तुरुंगाच्या खिडकीसारखा एक कोनाडा ठेवला होता, नंतर त्यावर तिच्या चेहऱ्याचं उठावशिल्प बसवलं. बाजूला काळा लोखंडी क्रॉस.

भिंत कशाची ते इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. स्टालिनच्या काळात या मुलाला पुन्हा पुन्हा अटक झाली, १९३५ ला, मग १९३८ ला, आणि पुढं १९४९ लाही. १९३८ च्या अटकेनंतर लेनिनग्राडच्या, म्हणजे तेव्हाच्या पीटर्सबर्गच्या, ‘क्रेस्ती’ तुरुंगाबाहेरच्या रांगेत आई महिनोन्‌महिने उभी राहिली, पार्सल घेतलं की मुलगा जिवंत, परत केलं की काय समजायचं ते समजायचं. सतरा महिने. त्यावर तिनं जी दीर्घ कविता केली ती कागदावर ठेवायची सोय नव्हती. ती चिठोऱ्यावर चार ओळी लिहायची, समोरची मैत्रीण त्या पाठ करायची, आणि मग चिठोरं रक्षापात्रात जळायचं. ‘रेक्विएम’ ही ती कविता सोव्हिएत संघात छापली गेली १९८७ साली, ती गेल्यावर एकवीस वर्षांनी. त्याआधीची कितीतरी वर्षं ती फक्त माणसांच्या डोक्यात राहिली. आपल्याकडे इंद्रायणीतून गाथा तरल्या म्हणतात तेव्हा त्या लोकांच्या मुखात होत्या म्हणून तरल्या, असं माझे मराठीचे सर सांगायचे. त्यांची इथं आठवण झाली.

तिनं त्याच कवितेत बजावून ठेवलंय की कधी माझं स्मारक केलंत तर ते त्या तुरुंगासमोर करा. ते २००६ साली झालं, क्रेस्तीच्या समोर, नदीच्या दुसऱ्या काठावर. पण त्याच्या कितीतरी आधी मुलानं तुरुंगाची भिंतच तिच्याजवळ आणून ठेवली होती. या मायलेकरांचं नंतर पटलं नाही, शेवटची काही वर्षं बोलणंही नव्हतं. त्यामुळे ती बांधताना त्याच्या मनात काय असेल याचा मी बराच वेळ विचार करत उभी होते. भाची म्हणाली, "मावशी, चल, पाय गोठले." भिंतीच्या कडेवर लोकांनी पाइनचे शंकू, नाणी, एक विझलेली पणती आणि पेन्सिलीचा बोटभर तुकडा ठेवला होता. पेन्सिल टोक केलेली होती.

बाकीच्या वस्तीत नावं ओळखीची निघत गेली. विज्ञानकथाकार इव्हान येफ्रेमोव. २००० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते झोरेस अल्फेरोव. आणि दिमित्री लिखाचोव, जुन्या रशियन साहित्याचे गाढे अभ्यासक. त्यांनी ऐन विशीत सोलोव्हकी बेटावरची छळछावणी काढली, पुढं महायुद्धातला लेनिनग्राडचा वेढा काढला, आणि १९९९ साली ९२ व्या वर्षी शांतपणे गेले. त्यांचं लहानपण उन्हाळ्यात शेजारच्याच कुओक्काला गावात गेलं होतं. एवढी उलथापालथ पाहून माणूस शेवटी लहानपणच्या वाळूपासून चालत जाण्याच्या अंतरावर येऊन पडला.

इथं एवढे शास्त्रज्ञ का? महायुद्ध संपल्यावर सरकारनं अकादमीच्या मोठ्या विद्वानांना कोमारोवोत दाचा बक्षीस दिल्या. फिनलंडकडून युद्धभरपाई म्हणून आलेली तयार लाकडी घरं. ज्यांची जमीन घेतली त्यांनीच घरंही पाठवली. पाठोपाठ लेखकांचं विश्रामगृह आलं, संगीतकारांचं शेजारच्या गावात आलं. संगीतकार शोस्ताकोविच उन्हाळ्यात इथं असायचे. १९८० च्या दशकात एका पॉप गाण्यानं कोमारोवो हे नाव देशभर केलं. ज्यांनी गाव कधी पाहिलं नाही असे लोकही ते ऐकलं की चाल धरतात. आमच्या आजींनी धरलीच.

परतताना आख्मातोवाची ‘बूदका’ शोधली. बूदका म्हणजे चौकीदाराची टपरी, आणि हे नाव तिनंच दिलेलं. १९५५ साली लेखकांच्या साहाय्य निधीनं तिला उन्हाळ्यासाठी हे घर वापरायला दिलं, तेव्हा तिचं वय ६६. हिरवा रंग, पुढं काचेचा व्हरांडा, चार माणसं जेवायला बसली तर पाचव्यानं पायरीवर बसावं एवढं. आत गादीखाली पलंग नव्हता, विटा होत्या. १९४६ मध्ये पक्षाच्या ठरावानं तिला लेखकसंघातून काढलं होतं. तिथून इथवर आलेल्या बाईला विटांवरची गादी खटकली नसावी. पैशासाठी ती अनुवाद करायची. रवींद्रनाथांच्या कविताही तिनं रशियनमध्ये आणल्या. आजींना भारत म्हटल्यावर पहिलं नाव ‘तागोर’ आठवलं, त्यामागं हेही असेल.

१९६१ च्या ऑगस्टमध्ये एक मित्र एका एकवीस वर्षांच्या लाल केसांच्या पोराला इथं घेऊन आला. ही बाई अजून जिवंत आहे हे त्याला माहीतही नव्हतं. पोराचं नाव जोसेफ ब्रॉडस्की, तोही कवी. मग तो येतच राहिला, एक हिवाळा तर त्यानं कोमारोवोतच काढला. १९६४ साली त्याच्यावर ‘ऐतखाऊ’ म्हणून खटला झाला आणि १९८७ साली त्याला नोबेल मिळालं.

मला सगळ्यात आवडलेली हकिगत मात्र १९६२ च्या सप्टेंबरची. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट रशियाला आले आणि आख्मातोवाला भेटायचं म्हणाले. आता पाहुण्याला या टपरीत, विटांच्या पलंगाशेजारी कसं बसवायचं? तेव्हा भेट ठेवली गावातल्याच एका अकादमीवाल्या प्राध्यापकाच्या, अलेक्सेयेव यांच्या, प्रशस्त दाचात. दोन म्हातारे कवी दुसऱ्याच्या दिवाणखान्यात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर बसून बोलले. शेजाऱ्याकडून सोफा मागून आणून मुलगी दाखवायचे आपल्याकडचे कार्यक्रम आठवले.

बूदका म्युझियम नाही. आवारात अशी चार घरं आहेत, लोक राहतात. त्यामुळे आम्ही कुंपणाबाहेरूनच बघत होतो. एक बाई तारेवर चादर वाळत घालत होत्या. आम्हाला बघून त्यांनी मान हलवली, पण हे रोजचंच असल्यासारखी. भाचीनं फोटो काढायला मोबाइल वर केला, आणि मग खाली घेतला. "चादर येतेय," म्हणाली.

तिसरा दिवस, शनिवार

आज उतरलो एकदाचे समुद्रावर. परवा ज्या कड्यानं दमवलं तो हजारो वर्षांपूर्वीच्या लिटोरिना समुद्राचा किनारा आहे. पाणी मागं हटलं आणि किनारा उंच राहिला. गाव त्याच्या माथ्यावर आणि आजचा समुद्र पायथ्याशी. समुद्र म्हणजे फिनलंडचं आखात, आणि इतकं उथळ की दूरवर उभा असलेला माणूस गुडघाभर पाण्यात होता. याच्या पीटर्सबर्गजवळच्या टोकाला लोक ‘मार्क्वीसचं डबकं’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा नौदलमंत्री मार्क्वीस द त्राव्हर्से आपलं आरमार खोल समुद्रात न नेता इथंच कवायतीला फिरवायचा, त्याच्यावरची ही टिंगल. मी बोट बुडवून चाखलं. मीठ जवळजवळ नाहीच, सगळं नेवा नदीचं पाणी. कोकणातला माणूस याला समुद्र म्हणणार नाही.

वाळूतून, मोठाल्या गोल दगडांना वळसे घालत रेपिनोपर्यंत चालत गेलो. या गावाचं जुनं नाव कुओक्काला. फिनिशमध्ये ‘कुओक्का’ म्हणजे कुदळ, म्हणजे कुदळवाडीच. या कुदळवाडीत १९०६-०७ मध्ये लेनिन ‘वाझा’ नावाच्या दाचात लपून राहत होता, राजधानीपासून दीड तासावर, पण झारच्या पोलिसांना फिनिश कायद्यामुळे सरळ हात घालता येत नव्हता. इथं कोर्नेय चुकोव्स्की राहायचे, रशियन मुलांचे लाडके कवी. त्यांच्याकडे एक वही होती, येणारा-जाणारा त्यात चित्र काढायचा, ओळी लिहायचा. चुकोव्स्की आणि कुओक्काला यांची संधी करून वहीचं नाव पडलं ‘चुकोक्काला’. आपल्याकडे व्याकरणाच्या तासाला शोभावी अशी संधी.

पण गावाला आज ज्याचं नाव आहे तो चित्रकार इल्या रेपिन. व्होल्गेवर दोर ओढून नाव खेचणाऱ्या मजुरांचं त्याचं चित्र मी शाळेच्या कॅलेंडरवर पाहिलंय. १८९९ मध्ये त्यानं ही जागा नाताल्या नॉर्डमन या आपल्या सहचारिणीच्या नावानं घेतली, १९०३ पासून कायमचा इथं राहिला. घराला नाव दिलं ‘पेनाती’, म्हणजे रोमन लोकांचे गृहदेव. आपण कुलदेवतेचं नाव पाटीवर लावतो त्यातलाच प्रकार. फाटकच बघत राहावं असं आहे, लाकडी, कोरलेलं, रंगीबेरंगी, रेपिननं स्वतः बेतलेलं. आत घराचं छप्पर काचेचं, टोकाटोकांचं, दोन छपरं एकमेकांत अडकल्यासारखी.

दारातच काशाची एक थाळी टांगलीय. नोकर दार उघडणार नाही, कोट आणि बुटांवरच्या रबरी गलोशा स्वतः काढा आणि थाळी वाजवून सरळ जेवणघरात या, अशी पाटी. ही सगळी नॉर्डमनबाईंची तत्त्वं. बुधवार हा भेटीचा दिवस, तीन वाजल्यानंतर कोणीही यावं. गायक शाल्यापिन आला, कवी मायकोव्स्की आला, शास्त्रज्ञ आले. पण जेवणघरातलं गोल टेबल हे खरं आकर्षण. मी त्याच्याभोवती दोनदा फिरले. बाहेरचं कडं स्थिर, मधला उंच भाग फिरता, त्याला मुठी. वाटी हवी असेल तर मूठ धरून टेबल फिरवा, ती तुमच्यासमोर येईल. शेजाऱ्याला वाढायचं नाही, उठायचं नाही. उष्टी ताटली ठेवायला टेबलाखाली ज्याच्या त्याच्यासमोर खण. नियम मोडला, चुकून कोणाला पोळी-लोणी पुढं केलं, की शिक्षा: कोपऱ्यातल्या चौथऱ्यावर चढून उत्स्फूर्त भाषण. आग्रह करकरून वाढणाऱ्या घरातली मी, मला तर दर बुधवारी भाषण द्यावं लागलं असतं.

आणि जेवण शाकाहारी. कटलेट भाजीचं, सूप चक्क वाळलेल्या गवताचं. पीटर्सबर्गची वर्तमानपत्रं या गवताच्या सूपवर वर्षानुवर्षं हसली, पाहुणे स्टेशनवर गुपचूप हॅम खाऊन यायचे म्हणे. पाच दिवस बटाट्यावर काढलेल्या आम्हा दोघींना मात्र त्या बाईंबद्दल एकदम जिव्हाळा वाटला.

वरच्या मजल्यावर स्टुडिओ. तिथं एक पॅलेट आहे, वाटोळं नाही तर वाकडं, आणि त्याला कमरेला बांधायचा पट्टा. उतारवयात रेपिनचा उजवा हात वाळत गेला. डॉक्टरांनी काम बंद करा म्हटलं, यानं डावा हात शिकवला, आणि डाव्या हातात ब्रश असल्यावर पॅलेट धरायला हातच उरला नाही म्हणून ते कमरेला लटकवलं. पट्ट्याचं चामडं जिथं वळतं तिथं तडकलंय. त्या एका वस्तूसमोर भाची माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबली. "नर्व्ह का मसल?" असं स्वतःशीच पुटपुटत.

१९१८ साली सीमा बंद झाली तेव्हा रेपिन ७३ वर्षांचा होता. त्यानं घर सोडलं नाही, खिडकीही बदलली नाही, पण तो परदेशात गेला होता. पीटर्सबर्ग, जिथं तो गाडीनं तासा-दीड तासात पोचायचा, ते आता दुसऱ्या देशात. १९२६ मध्ये सोव्हिएत चित्रकारांचं शिष्टमंडळ त्याला परत न्यायला आलं, त्यात त्याचाच जुना शिष्य इसाक ब्रॉडस्की. म्हातारा त्यांच्याशी प्रेमानं बोलला आणि गेला नाही. २९ सप्टेंबर १९३० ला फिनलंडमधल्या कुओक्काला गावी वारला. मग १९३९ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत फौजा सेस्त्रा ओलांडून आल्या, फिनिश गावकरी आधीच घरं टाकून निघाले होते, आणि कबरीतला रेपिन पुन्हा रशियात आला. १९४१ ला फिनिश सैन्यानं मुलूख परत घेतला, म्हणजे पुन्हा फिनलंड. १९४४ ला पुन्हा रशिया. तो मात्र बागेतल्या टेकाडाखाली त्याच जागी.

१९४४ च्या लढाईत पेनाती जळलं. उभ्या राहिल्या त्या फक्त विटांच्या शेगड्या आणि जोतं. वस्तू आधीच लेनिनग्राडला हलवल्या होत्या म्हणून वाचल्या. घर जुन्या फोटोंवरून पुन्हा बांधून १९६२ ला उघडलं. म्हणजे मी ज्या टेबलाभोवती फिरले ते खरं आणि ज्या भिंतींमध्ये फिरले त्या नव्या. हे कळल्यावर मी फसल्यासारखी झाले. मग वाटलं, बरं झालं उलटं नाही.

कबर बागेत आहे, एका टेकाडावर, साधा लाकडी क्रॉस. टेकाडाला नाव ‘चुगुयेव’, युक्रेनमधल्या त्याच्या जन्मगावावरून. परतीला गाडी मिळेना, दुपारचे दोन-अडीच तास लोकलच नव्हती. फलाटावर कोबीच्या सारणाचे दोन ‘पिरोझोक’ खाऊन वेळ काढला. तिसरा घेतला तो मटणाचा निघाला.

चौथा दिवस, रविवार

पुढचं स्टेशन झेलेनोगोर्स्क, जुनं तेरियोकी. पावसाची भुरभुर होती, त्यामुळे फारसं फिरलो नाही. ऑर्थोडॉक्स चर्चचं पांढरं शिखर आणि लुथेरन चर्चचा टोकदार मनोरा, दोन्ही एकाच गावात. १ डिसेंबर १९३९ ला, युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी, सोव्हिएत संघानं या गावात फिनलंडचं एक ‘सरकार’ स्थापन केलं होतं, ओट्टो कुसिनेन त्याचा पंतप्रधान. फिनलंडमध्ये त्याला कोणी विचारलं नाही आणि मार्चमध्ये ते गुंडाळलं. मुलूख मात्र गेला. फिनलंडनं गमावलेल्या भागातून चार लाखांहून जास्त माणसं उठून गेली.

दुपारी आजींचा निरोप घेतला. पैसे मोजून झाल्यावर त्यांनी चेरनिकाच्या मुरंब्याची बरणी दिली, वर कापड, कापडावर रबर. पैसे घेईनात. निघताना रशियन पद्धतीप्रमाणे आम्हाला मिनिटभर गप्प बसवलं. प्रवासाला निघण्याआधी सामानाशेजारी नुसतं बसायचं, म्हणजे प्रवास सुखाचा होतो. आपल्याकडे दही ठेवतात हातावर, ते मी त्यांना सांगितलं, त्यांना पटलं.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. यावेळी मी आधीपासूनच सज्ज, सोल्नेच्नोये गेलं की बघत राहायचं. सोल्नेच्नोये आलं, गाडी सुटली. आणि मांडीवर काहीतरी ओलं लागलं. बरणीचं रबर सुटलं होतं, कापड जांभळं झालं होतं, आणि एक निळसर धार शालीवरून सीटकडे निघाली होती. समोरच्या बाईंनी न बोलता रुमाल पुढं केला, भाचीनं पिशवी उघडली, आम्ही तिघी मिळून पुसत होतो.

"मावशी," भाची मान वर करून म्हणाली, "गेली बघ नदी."